सावद्याचा सारा आणि बोस्टनचा चहा

शाळेच्या इतिहासात एक प्रश्न हमखास येतो : वसाहतींनी साम्राज्याविरुद्ध बंड का केले? मुले दोन उत्तरे पाठ करून जातात. पहिले, कर फार जाचक होते. दुसरे, राज्यकर्ते परके होते. मार्क मिळतात, पेपर संपतो आणि प्रश्न तिथेच राहतो. कारण ही दोन्ही उत्तरे अर्धी आहेत. जाचक कर पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून भरणारी माणसे जगात पुष्कळ होऊन गेली. परक्या राजाच्या छत्राखाली शांतपणे नांदलेले मुलूखही थोडे नाहीत. मग सहन करणारा माणूस एके दिवशी उठतो, तो नेमका कशामुळे?

वाचकहो, हा प्रश्न फक्त परीक्षेचा नाही. तो गावाचा आहे, जमातीचा आहे आणि थोडा आपल्या घराचाही आहे. म्हणून या महिन्याच्या सदरात तोच घेऊ. उत्तर शोधायला आधी अमेरिकेच्या किनाऱ्यावर जाऊ, आणि मग आपल्या फैजपूरच्या वेशीवर परत येऊ.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्रजांच्या तेरा वसाहती होत्या. तिथल्या बहुतेक गोऱ्या रहिवाशांची भाषा इंग्रजी, कायदा इंग्रजी, राजाही तोच. रक्ताच्या नात्याने पाहिले तर तिथे परके कोणी नव्हते. १७६५ मध्ये लंडनच्या पार्लमेंटने त्यांच्यावर स्टँप कर बसवला : कोर्टाची कागदपत्रे, वर्तमानपत्रे, अगदी पत्त्यांच्या कॅटवरसुद्धा. रक्कम फार मोठी नव्हती. इंग्लंडात राहणारा माणूस अमेरिकेतल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता. तरी एवढा गदारोळ उठला की पुढच्याच वर्षी तो कर मागे घ्यावा लागला.

त्यानंतरची गोष्ट आणखी बोलकी आहे. १७७३ मध्ये पार्लमेंटने चहाचा कायदा केला. या कायद्यामुळे अमेरिकेत चहा महाग झाला नाही, उलट स्वस्त झाला. कंपनीला आपला चहा थेट तिथे पाठवून विकायची मुभा मिळाली, मधले दलाल गळाले आणि भाव उतरला. फक्त पौंडामागे तीन पेन्सांची जुनी जकात तशीच ठेवली होती. सवंग चहा मिळाला म्हणून लोकांनी खूश व्हायला हवे होते. पण १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात लोक जहाजांवर चढले आणि चहाच्या ३४२ पेट्या फोडून समुद्रात ओतल्या.

स्वस्त चहा समुद्रात का ओतला? त्यांचे म्हणणे एवढेच होते : ज्या सभेत आमचा एकही माणूस बसत नाही, त्या सभेने आमच्यावर कर का बसवावा? आज तीन पेन्स घेतले, उद्या तीस घेतील, तेव्हा आम्ही कुणाकडे जायचे? त्यांनी अर्ज केले, विनंत्या केल्या. लढाई सुरू झाल्यावरसुद्धा, १७७५ च्या जुलैत, त्यांनी राजाकडे समेटाचा एक शेवटचा अर्ज धाडला. समुद्र ओलांडून तो कागद लंडनला पोचला; राजाने तो हातात घ्यायलाही नकार दिला. वर्ष उलटायच्या आत, ४ जुलै १७७६ रोजी, स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. तो जाहीरनामा उघडून पाहिला तर त्याचा मोठा भाग म्हणजे न ऐकलेल्या तक्रारींची यादी आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. 'आमचे ऐका' म्हणणारे हेच लोक आपल्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबवत होते, आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनी घेत होते. आपले ऐकले जावे असे सर्वांनाच वाटते. आपण दुसऱ्याचे ऐकावे असे वाटणारे मात्र थोडे असतात. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला ते लागणार आहे.

आता तो चहा कोणाचा होता ते पाहा. तो ईस्ट इंडिया कंपनीचा होता. बोस्टनच्या प्रसंगानंतर पंचेचाळीस वर्षांनी, १८१८ मध्ये, पेशवाई बुडाली आणि तीच कंपनी खानदेशची मालक झाली. मालेगावच्या किल्ल्यात अरब शिपाई होते, ते जूनपर्यंत लढले. त्यानंतर मैदानातला मुलूख शांत झाला, पण डोंगर शांत झाले नाहीत. सातपुडा आणि सातमाळ्यातल्या भिल्लांचे गावाच्या राखणीचे जुने हक्क होते. नव्या कारभाराला ते समजले नाहीत, आणि भिल्ल उठले. कंपनीने सात वर्षे फौजा पाठवून पाहिल्या. माणसे मेली, गावे जळाली, उठाव थांबला नाही. शेवटी १८२५ च्या सुमारास एल्फिन्स्टनच्या सरकारने धोरण बदलले. भिल्लांशी बोलायला खास अधिकारी नेमले, शेतीसाठी जमीन आणि मदत दिली, आणि आउट्रमच्या हाताखाली धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. बंदुकीने जे सात वर्षांत झाले नाही ते बोलण्याने बरेचसे झाले. सातपुड्याच्या पायथ्याशी यावल, रावेर, चोपड्याकडे आपले तडवी भाऊ राहतात. त्या डोंगरांचा इतिहास म्हणजे आपल्याच शेजाऱ्यांचा इतिहास आहे.

पण सरकारी कारभार धडा लवकर विसरतो. डोंगरात जे शिकले ते मैदानात वापरले नाही. १८५२ उजाडले. खानदेशात जमीनमोजणी सुरू होणार होती. तिचा प्रमुख होता कॅप्टन जॉर्ज विंगेट, मुंबई इलाख्याच्या मोजणीपद्धतीचा एक जनक. पद्धत अशी : साखळी टाकून प्रत्येक शेत मोजायचे, मातीचा कस पाहून आण्यांमध्ये प्रत ठरवायची, त्यावरून शेतसारा बांधायचा आणि तो तीस वर्षे बदलायचा नाही. पूर्वीच्या कारभारातले मनमानी आणि न झेपणारे दर काढून बेताचा आणि स्थिर आकडा ठरवावा, असा विंगेटच्या पद्धतीचा हेतू होता. कागदावर पाहिले तर शेतकऱ्याच्या हिताचीच गोष्ट.

तरी सावदा, रावेर, चोपडा, एरंडोल भागात लोक उठले. आपले फैजपूर सावद्याच्या शेजारचे, त्याच काळ्या जमिनीतले. मोजणीवाल्या साहेबांच्या तळापुढे शेतकरी मोठ्या संख्येने जमले आणि मोजणी बंद करा म्हणाले. गावोगावचे पाटील आणि देशमुख त्यांच्यासोबत होते. त्यातल्या काहींना स्वतःच्या वतनाची आणि मानाची काळजी होती हेही खरे. पण साध्या कुणब्याची भीती वेगळी होती. आजवर सरकार शेतावर आले ते घ्यायला. आता ते साखळी घेऊन का आले आहे? सारा वाढवायलाच, दुसरे काय! त्याला कोणी विचारले नव्हते, कोणी नीट सांगितलेही नव्हते. ठरवणारे मुंबईत, त्यांचे मालक लंडनमध्ये, आणि मोजली जाणार होती ती याची जमीन. शेवटी फौज आली, पुढाऱ्यांना धरले, आणि मोजणी पुढे चालू झाली.

बोस्टन आणि सावदा शेजारी शेजारी ठेवून पाहा. तिथे चहा स्वस्त केला तरी बंड झाले. इथे सारा बेताचा करू म्हणणारी योजना आली तरी बंड झाले. म्हणजे आकडा हे खरे कारण नव्हते. आकडा ठरवताना आपल्याला कोणी मोजले नाही, हे कारण होते. शेत मोजले, माती मोजली, शेतकरी मात्र हिशेबात धरला नाही.

योगायोग पाहा, त्याच १८५२ सालच्या ऑगस्टमध्ये मुंबईत जगन्नाथ शंकरशेट आणि त्यांच्या सोबत्यांनी बॉम्बे असोसिएशन काढली. शिकलेल्या लोकांचा मार्ग अर्जाचा होता. त्यांनी थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज पाठवला : कंपनीची सनद नव्याने करताय तर कायदे करणाऱ्या मंडळात हिंदी माणसांना जागा द्या. १८५३ मध्ये सनद झाली. कायदे करायला वेगळे मंडळही नेमले गेले. त्यात एकही हिंदी माणूस नव्हता. सावद्याच्या शेतकऱ्याने जमाव करून सांगितले, मुंबईच्या शेटजींनी सुंदर इंग्रजीत लिहून सांगितले. दोघांनाही उत्तर एकच मिळाले. चार वर्षांनी १८५७ झाले.

१८५७ ची आग विझत असताना ती का लागली याचे सर्वांत नेटके उत्तर लिहिले ते सर सय्यद अहमद खान यांनी. उठाव झाला तेव्हा ते बिजनोरला न्यायखात्यात नोकरीत होते. उठावात त्यांनी इंग्रज कुटुंबांचे प्राण वाचवले होते. दिल्लीत त्यांच्या स्वतःच्या नातेवाइकांची वाताहत झाली होती, आणि त्या धकाधकीत त्यांची आई गेली. अशा माणसाला गप्प बसणे सोपे होते. मुसलमानांकडे तर तेव्हा सरकार संशयानेच पाहत होते; एका वाक्यासाठी माणूस फासावर जाऊ शकत होता. तरी त्यांनी १८५८ मध्ये 'असबाब-ए-बगावत-ए-हिंद' हे उर्दू पुस्तक लिहिले. मित्रांनी सांगितले, हे छापू नका. त्यांनी छापले, आणि बाजारात विकण्याऐवजी प्रती विलायतेला, जिथे निर्णय होत होते तिथेच, पाठवल्या.

त्या पुस्तकात त्यांनी उठावाची अनेक कारणे दिली आहेत : धर्मात ढवळाढवळ होईल ही भीती, न मानवणारे कायदे, फौजेतला गैरकारभार. पण मुळाशी त्यांनी एकच कारण ठेवले. कायदे करणाऱ्या मंडळात हिंदुस्थानचा माणूस नव्हता. त्यामुळे सरकारला कळले नाही की आपला कोणता कायदा लोकांना बोचतो आहे, आणि लोकांना कळले नाही की सरकारचा हेतू काय आहे. चांगला कायदाही लोकांना डाव वाटू लागला. सावद्याच्या मोजणीचे याहून अचूक वर्णन कोणी करू शकेल का? सर सय्यद यांनी सावदा कधी पाहिले नसेल, पण दुखणे तेच होते. १८६१ च्या कायद्याने पहिल्यांदा काही हिंदी माणसांना त्या मंडळात नेमण्याची वाट मोकळी झाली. १८७८ मध्ये सर सय्यद स्वतः त्यात बसले.

आणि आता विंगेटकडे परत येऊ. ज्याच्या मोजणीविरुद्ध आपल्या भागातले लोक उठले, त्याच विंगेटने १८५९ मध्ये लंडनमध्ये एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले, इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्या पैशाच्या व्यवहाराबद्दल. आयुष्यभर सारा बांधणाऱ्या या अधिकाऱ्याने त्यात आपल्याच देशबांधवांना खडसावले. त्याचा मुद्दा सोपा होता. ज्या देशातून कर घेतला त्याच देशात तो खर्च झाला तर पैसा फिरून लोकांच्याच हातात येतो. एका देशातून घेऊन दुसऱ्या देशात खर्च केला तर तो कायमचा जातो.

आपल्याकडच्या केळीवाल्याला हे लगेच समजेल. विहिरीचे पाणी आपल्याच शेताला दिले तर थोडे पिकाला लागते, थोडे जमिनीत मुरते. तेच पाणी पाइप टाकून दूर दुसऱ्या शिवारात नेले तर आपली विहीर वर्षागणिक खाली जाते. हिंदुस्थानची विहीर अशीच उपसली जात होती. कंपनीच्या भागधारकांना साडेदहा टक्के नफा मिळायचा तो इथल्या महसुलातून. १८५७ चा उठाव चिरडायला झालेला खर्चही हिंदुस्थानच्याच नावे कर्ज म्हणून लिहिला गेला. म्हणजे मारही आपल्याला आणि काठीची किंमतही आपल्याकडून! पुढे दादाभाई नौरोजींनी हा हिशेब जगापुढे मांडला तेव्हा विंगेटसारख्या अधिकाऱ्याचे शब्द त्यांच्या कामी आले.

साम्राज्य दूरचे होते म्हणून असे झाले, असे कोणी म्हणेल. पण दूर म्हणजे किती? १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला, विलायतेची वाट निम्म्याच्या आसपास आली. १८७० मध्ये मुंबई-लंडन तारायंत्र जोडले गेले. महिन्याने पोचणारी बातमी काही तासांत पोचू लागली. मैलांचे अंतर तुटले. तरी असंतोष कमी झाला नाही, वाढतच गेला. कारण तारेतून हुकूम लवकर येत होते. तक्रार वर जाण्याची वाट पूर्वीइतकीच अवघड होती.

अल्जीरियाचे उदाहरण घ्या. फ्रान्सने १८३० मध्ये तो देश घेतला. मध्ये फक्त भूमध्य समुद्र, बोटीने साधारण एका दिवसाचा प्रवास. फ्रान्स म्हणे, अल्जीरिया ही वसाहत नाहीच, तो आमच्याच देशाचा तुकडा आहे. १९४७ मध्ये तिथे निवडून आलेली सभासुद्धा दिली. जागा १२०. त्यातल्या साठ सुमारे नऊ लाख युरोपियनांसाठी आणि साठ सुमारे ऐंशी लाख मुसलमानांसाठी. म्हणजे एका गोऱ्याचे मत आठ-नऊ अल्जीरियनांच्या मताएवढे. सभागृह होते, खुर्च्या होत्या, ऐकणे मात्र नव्हते. १ नोव्हेंबर १९५४ ला युद्ध पेटले आणि फार मोठे रक्त सांडून १९६२ च्या जुलैत अल्जीरिया स्वतंत्र झाला. नुसती खुर्ची दिल्याने राज्य जवळ येत नाही, हे अल्जीरियाने दाखवले.

मग हा धर्माचा झगडा होता का? आपल्याकडे हल्ली प्रत्येक जुन्या लढाईला धर्माचे लेबल लावायची सवय झाली आहे. लावून पाहू. बोस्टनचे लोक ख्रिस्ती, लंडनचा राजाही ख्रिस्ती. आता आपल्या दख्खनकडे या. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारुकींचा खानदेश मोगलाईत गेला. राजपुत्र दानियालच्या नावावरून त्याचे नाव काही काळ 'दानदेश' ठेवले गेले. बऱ्हाणपुरात मोगलांचा तळ पडला. त्यांच्याविरुद्ध पाव शतक कोण लढले? मलिक अंबर. तो मुसलमान, मोगल बादशहाही मुसलमान. आणि मलिक अंबरच्या बाजूने मराठे सरदार लढत होते. १६२६ मध्ये मरेपर्यंत त्याने दख्खन आग्र्याच्या स्वाधीन केले नाही. या मलिक अंबरनेही महसुलाची घडी नव्याने बसवली होती. पण ती पिकाचा खरा अंदाज घेऊन, गावाला हाताशी धरून बसवली म्हणून पुढची कित्येक वर्षे लोक त्या पद्धतीचे नाव आदराने घेत राहिले. महसूल ठरवणे हा गुन्हा नव्हे. प्रश्न असतो तो कसा आणि कुणाला विचारून ठरवता याचा.

सावद्याच्या त्या गडबडीला चौऱ्याऐंशी वर्षे झाली, आणि त्याच शिवारात त्या न ऐकलेल्या तक्रारीला वाचा फुटली. डिसेंबर १९३६, तेव्हाच्या पूर्व खानदेश जिल्ह्यातले फैजपूर. काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन शहरात न भरता पहिल्यांदाच खेड्यात भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. धनाजी नाना चौधरींसारख्या इथल्या कार्यकर्त्यांनी उभारणीसाठी दिवसरात्र एक केली, साने गुरुजींनी गावोगाव फिरून माणसे जोडली. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू आणि चटयांसारख्या गावच्या साध्या साहित्यातून टिळकनगर सजवले.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे पाहुणे पायी आले. मनमाडहून पाचशे शेतकरी दोनशे मैलांहून अधिक चालत, वाटेत गावागावात सभा घेत फैजपूरला पोचले. तिथे किसान सभेचेही अधिवेशन भरले होते, अध्यक्ष एन. जी. रंगा. या शेतकऱ्यांच्या स्वागताला नेहरूंसोबत शंकरराव देव, एम. एन. रॉय होते, आणि मुंबईचे तरुण नेते युसूफ मेहेरअलीही होते. 'सायमन गो बॅक' आणि 'क्विट इंडिया' या घोषणांशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, तेच हे मेहेरअली.

फैजपूरला जे ठराव झाले त्यांची गंमत बघा. एका बाजूला शेतीचा कार्यक्रम : सारा आणि खंड कमी करा, ज्याची जमीन पोटालाही पुरत नाही त्याला साऱ्यातून सूट द्या, कर्जाच्या ओझ्यातून सोडवा, शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी द्या. सावद्याच्या शेतकऱ्याच्या मनात जे होते ते आता कागदावर आले. दुसऱ्या बाजूला त्याहून मोठी मागणी : १९३५ चा कायदा लंडनच्या पार्लमेंटने आमच्यासाठी लिहिला, तो आम्हाला मान्य नाही. आमची घटना आम्हीच लिहू, आणि ती लिहिणारी सभा सर्व प्रौढांच्या मतांनी निवडलेली असावी. एका ठरावात पोटाचा प्रश्न, दुसऱ्यात कानाचा. फैजपूरने दोन्ही एकत्र ठेवले, कारण पोटाचा प्रश्न सुटायचा तर आधी ऐकणारा कान लागतो.

दहा वर्षांनी, ९ डिसेंबर १९४६ रोजी, दिल्लीत संविधान सभा भरली. ती प्रौढ मतदानाने निवडलेली नव्हती, पण तिने लिहिलेल्या संविधानाने प्रत्येक प्रौढाला मत दिले : स्त्रीला, मजुराला, निरक्षरालाही. त्या सभेत बेगम ऐजाज रसूल या एकमेव मुस्लिम महिला सदस्य होत्या. जी गोष्ट बोस्टनच्या बंडखोरांनी आपल्या गुलामांना आणि बायकांना दिली नाही, ती आपल्याला पहिल्याच दिवशी मिळाली. तिची किंमत आपण रोज जाणतो का, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

राज्य कितीही पसरले तरी ऐकण्याची सोय करता येते, याचे उदाहरण आपल्या इतिहासात आहे. हजरत उमर (रजि.) यांच्या काळात राज्य इराणपासून इजिप्तपर्यंत पसरले. तेव्हा ना तार होती, ना रेल्वे. पण हजच्या दिवसांत सगळीकडची माणसे मक्केत येत. खलिफा आपल्या सुभेदारांनाही तिथे बोलावत आणि लोकांच्या समोर विचारत, यांच्याविरुद्ध कुणाची तक्रार आहे का? साध्या माणसाने उभे राहून सुभेदाराचे नाव घ्यायचे, आणि सुभेदाराने उत्तर द्यायचे. कुरआनात 'अश-शूरा' नावाची एक सूरहच आहे. शूरा म्हणजे मशवरा, आपसातली सल्लामसलत. मशवरा हा राज्यकर्त्याने केलेला उपकार नाही, तो कारभाराचा पाया आहे, हे आपल्याला वेगळे शिकायची गरज नव्हती. विसरलो मात्र आपणही.

म्हणून शेवटी आरसा आपल्याकडे वळवू. आपले राज्य आता लंडनहून चालत नाही. गावठाणाची मोजणी असो, नगरपालिकेचा विकास आराखडा असो, मतदारयादी असो. हरकत घ्यायला मुदत असते, अर्ज करायला खिडकी असते. २००५ पासून माहिती मागायचा कायदा आहे. सावद्याच्या शेतकऱ्यापाशी जमावाशिवाय दुसरा मार्ग नव्हता. आपल्यापाशी आहे. तरी आराखड्यात आपल्या मोहल्ल्यातून रस्ता गेला की आपण चौकात बसून चिडतो. मुदतीत लेखी हरकत दिलेली घरे बोटांवर मोजण्याएवढी निघतात. पोच घेतलेला एक कागद दहा सभांतल्या भाषणांपेक्षा जास्त काम करतो. अर्ज करूनही कोणी ऐकत नसेल तर तो आवाज उठवायचा हक्कही आपलाच आहे. पण आधी अर्ज तरी पडायला हवा.

आणि आपण स्वतः कुणासाठी 'दूरचे सरकार' झालो आहोत का, तेही पाहावे. जमातीचा किंवा ट्रस्टचा वर्षाचा हिशेब सगळ्यांसमोर वाचला जातो का? तरुणांनी प्रश्न विचारला तर त्यांना बेअदब ठरवून गप्प बसवले जाते का? महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांसाठी आहेत. आपली बहीण निवडून आली तर सभेत सही तिची आणि निर्णय मियांचा, असे तर होत नाही ना? मुलीच्या शिक्षणाचा, तिच्या निकाहचा फैसला बैठकीत होतो आणि ज्या मुलीचा तो आहे तिला फक्त कळवला जातो, असे तर नाही ना? आपला हेतू चांगलाच असतो. विंगेटचाही चांगला होता. चांगल्या हेतूने केलेली मोजणीही, न विचारता केली तर, घरात सावदा उभे करते.

या महिन्यात दोन कामे करून पाहा. मोहल्ल्यातल्या ज्या एका गोष्टीवर तुम्ही वर्षभर कुरकुरत आहात, तिचा साध्या मराठीत अर्ज लिहून द्या आणि शिक्का मारलेली पोच फाईलला लावा. आणि घरात येणारा पुढचा मोठा निर्णय घेण्याआधी सगळ्यात लहान आवाजाला आधी बोलू द्या. तो बोलून झाल्यावर मगच वडीलधाऱ्यांनी बोलावे.